घामाचा ताळेबंद

धावताना स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात, त्यातला जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा शरीर पुढे नेण्याच्या कामी येतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते आणि ती शरीरातच साठू लागते. ६० किलो वजनाचा माणूस ताशी १० किलोमीटर वेगाने धावला, तर तासाभरात त्याचे सुमारे ६०० किलोकॅलरी खर्च होतात आणि त्यातल्या ४५० ते ४८० किलोकॅलरी निव्वळ उष्णतेच्या रूपाने निघतात. एवढ्या वजनाच्या शरीराचे तापमान एका अंशाने वाढायला सुमारे ५० किलोकॅलरी पुरतात. म्हणजे ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर दर सहा-सात मिनिटांना ताप एकेका अंशाने चढेल आणि अर्ध्या तासात माणूस कोसळेल.

प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण घाम येतो. एक लिटर घाम त्वचेवर वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. माठाच्या अंगावरचे पाणी वाळते आणि आतले पाणी गार राहते, तोच हा नियम. मात्र माठ रिकामा होत गेला तर तो पुन्हा भरावा लागतो. उन्हातल्या लांब शर्यतीत शरीरातून पाणी किती गेले, किती परत घालायचे आणि त्यात मीठ किती हवे, हा हिशेब चुकला की दमदार धावपटूचीही गत बिघडते. हा हिशेब कमी पाण्याच्या बाजूने चुकतो, तसाच जास्त पाण्याच्या बाजूनेही चुकतो.

कोरडे ऊन आणि दमट ऊन

अहिल्यानगर जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला घाटघर-रतनवाडीच्या बाजूला धो धो पाऊस कोसळतो, पण पूर्वेकडे पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेडकडे सरकावे तसा तो झपाट्याने कमी होतो. नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा चाळिशी गाठतो आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते. अशा हवेत घाम आला कधी आणि वाळला कधी, हे धावणाऱ्याला कळतही नाही. अंग कोरडे लागते, म्हणून आपल्याला फारसा घाम येत नाही असे त्याला वाटते. खरी गोष्ट घरी आल्यावर दिसते. बनियनच्या पाठीवर, टोपीच्या कडेला आणि कानशिलांवर मिठाचे पांढरे पट्टे उमटलेले असतात.

मुंबई-कोकणात याच्या उलट घडते. तेथे घाम निथळतो, कपडे चिंब होतात, पण हवा आधीच ओली असल्याने तो वाळत नाही. जो घाम वाळला नाही आणि ठिबकून जमिनीवर पडला, त्याने शरीर गार केले नाही; फक्त पाणी आणि मीठ तेवढे नेले. त्यामुळे नुसता पारा पाहून उन्हाचा धोका ठरवता येत नाही. ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असलेल्या हवेत ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक सुमारे २३ अंश दाखवतो. ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत तोच २८ अंशांवर थांबतो. पारा सात अंशांनी कमी, पण घामाने गार होण्याची सोयही कमी.

म्हणूनच शर्यतींसाठी ‘वेट बल्ब ग्लोब’ निर्देशांक वापरतात. त्यात ओल्या तापमापकाला ७० टक्के, सूर्याची धग मोजणाऱ्या काळ्या गोळ्याला २० टक्के आणि साध्या पाऱ्याला १० टक्के वजन असते. हा निर्देशांक २८ अंशांच्या वर गेला की लांब शर्यत पुढे ढकलावी किंवा रद्द करावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. २०१९ मध्ये दोहा येथील जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन उन्हाच्या भीतीने मध्यरात्री ठेवली होती. तरी ३२ अंशांपेक्षा जास्त तापमान आणि सत्तर टक्क्यांवरची आर्द्रता यांमुळे ६८ पैकी २८ धावपटूंना शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली.

कोरड्या उन्हाचा आणखी एक गुण ध्यानात ठेवायला हवा. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवा त्याहून तापलेली असेल, तर वारा शरीराची उष्णता काढून नेण्याऐवजी उलट आणून देतो. नगरी उन्हाळ्यातल्या झळा म्हणजे हेच. अशा वेळी शरीराकडे गार होण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम. हा मार्ग चालू राहायचा तर शरीरात पाणी हवे.

पाणी कमी पडले की काय होते

प्रौढ माणसाच्या शरीरात वजनाच्या साधारण ५० ते ६० टक्के पाणी असते. घामाचे पाणी प्रथम रक्तातल्या द्रवातून जाते. रक्ताचे आकारमान घटते, हृदयाच्या प्रत्येक ठोक्यामागे कमी रक्त बाहेर पडते आणि ती तूट भरून काढण्यासाठी ठोके वाढतात. त्याच वेळी दोन मागण्या एकमेकींच्या आड येतात. स्नायूंना प्राणवायूसाठी रक्त हवे असते आणि त्वचेला उष्णता बाहेर टाकण्यासाठी. रक्त अपुरे पडले की शरीर त्वचेकडचा पुरवठा आवळते, घाम मंदावतो आणि आतला ताप वाढू लागतो.

उन्हात शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के पाणी कमी झाले की बहुतेकांचा वेग घसरू लागतो. ६० किलोच्या माणसाच्या बाबतीत ही तूट १.२ लिटरची होते. तोंडाला कोरड पडते, तोच वेग राखायला जास्त जोर लागतो, चिडचिड होते. तूट आणखी वाढली की डोके दुखते, गरगरते, डोळ्यांपुढे अंधारी येते. मात्र ही मर्यादा सर्वांना सारखी लागू नाही. इथिओपियाचे हैले गेब्रसेलासी यांचे वजन २००९ च्या दुबई मॅरेथॉनमध्ये सुमारे दहा टक्क्यांनी घटले होते आणि तरीही ते पहिले आले. असे शरीर वर्षानुवर्षांच्या सरावाने घडते. हौशी धावपटूने त्याचा कित्ता गिरवू नये.

पायात गोळा येण्यामागे मात्र केवळ पाणी किंवा मीठ कमी पडणे हेच कारण नसते. थकलेल्या स्नायूला मिळणाऱ्या मज्जातंतूंच्या संदेशांत गडबड झाली तरी वांब येतात. म्हणून गोळा आला की आधी थांबून तो स्नायू हळूहळू ताणावा आणि मग पाण्या-मिठाचा विचार करावा.

पाणी न पिण्याचा काळ

धावताना पाणी पिणे म्हणजे दुबळेपणा, अशी समजूत क्रीडाजगात बराच काळ होती. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकची मॅरेथॉन ३० ऑगस्टच्या दुपारी, सुमारे ३२ अंश तापमानात आणि धुळीने भरलेल्या कच्च्या रस्त्यांवर झाली. वाटेत पाण्याची सोय एक-दोन ठिकाणीच होती, आणि तीही जाणूनबुजून. पाण्याशिवाय शरीर किती तग धरते, हे आयोजकांना पाहायचे होते. ३२ जण धावायला उभे राहिले, १४ जणांनी शर्यत पुरी केली. विजेते टॉमस हिक्स यांना वाटेत ब्रँडी आणि स्ट्रिक्निन देऊन उभे ठेवण्यात आले होते.

भारताने ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये पाऊल ठेवले ते १९२० साली अँटवर्पमध्ये, आणि त्यात मराठी मुलखाचा मोठा वाटा होता. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांमध्ये अनवाणी धावणारी खेड्यापाड्यांतली मुले पाहून दोराबजी टाटा यांनी संघ पाठवण्याचे मनावर घेतले. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले यांनी अँटवर्पची मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पूर्ण करून एकोणिसावा क्रमांक मिळवला. दख्खनच्या उन्हात तयार झालेल्या या धावपटूची कसोटी लागली ती युरोपातल्या थंड, ओल्या हवेत.

पुढे १९५० च्या दशकातही आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मॅरेथॉनमध्ये पहिले पेय १५ किलोमीटरनंतरच मिळत असे. हा दृष्टिकोन बदलायला १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरुवात झाली. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात रॉबर्ट केड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील फुटबॉल संघासाठी मीठ-साखरेचे पेय तयार केले. त्यातून क्रीडापेयांचा मोठा व्यापार उभा राहिला. १९६९ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या विंडहॅम आणि स्ट्रायडम यांनी मॅरेथॉनमध्ये पाणी कमी पिण्याच्या धोक्यावर लेख लिहिला. त्यानंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. तहान लागण्याआधीच प्या, जमेल तेवढे प्या, असा सल्ला सर्रास दिला जाऊ लागला.

पाणी जास्त झाले तर

या सल्ल्याचा दुष्परिणाम हौशी धावपटूंना भोगावा लागला. घामातून पाण्याबरोबर सोडियमही जाते. त्या जागी नुसते पाणी, तेही घामापेक्षा जास्त प्यायले, तर रक्तातले सोडियम पातळ होते. श्रमाच्या वेळी शरीर लघवी रोखणारे संप्रेरकही सोडते, त्यामुळे जादा पाणी बाहेर पडत नाही. ते पेशींमध्ये शिरते आणि पेशी फुगतात. मेंदू कवटीत बंदिस्त असल्याने त्याला फुगायला जागा नसते. डोके ठणकते, मळमळते, उलट्या होतात, बोलणे असंबद्ध होते. प्रकरण वाढले तर झटके येतात आणि मृत्यूही ओढवतो.

२००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंचे रक्त शर्यतीनंतर तपासले, तेव्हा १३ टक्के जणांच्या रक्तात सोडियम कमी आढळले आणि तिघांमध्ये ते जीवघेण्या पातळीपर्यंत उतरले होते. त्याच शर्यतीत एका तरुण धावपटूचा याच कारणाने मृत्यू झाला होता. ज्यांचे वजन धावताना कमी होण्याऐवजी वाढले आणि ज्यांना शर्यत पुरी करायला चार तासांहून जास्त वेळ लागला, त्यांना धोका अधिक होता.

हे समजून घ्यायला वेगातला फरक पुरेसा आहे. नगर जिल्ह्याला लागून असलेल्या बीडच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे यांनी २०२० च्या दिल्ली अर्धमॅरेथॉनमध्ये २१ किलोमीटरचे अंतर १ तास ३० सेकंदांत कापून राष्ट्रीय विक्रम केला. एवढ्या वेळात त्या वेगाने धावताना फार पिताही येत नाही आणि फारशी गरजही पडत नाही. तेच अंतर तीन तासांत कापणाऱ्याला घाम ताशी कमी येतो, पण पाण्याच्या टेबलापाशी थांबायला फुरसत भरपूर असते. प्रत्येक टेबलावर दोन पेले रिचवत गेलेला हा सावकाश धावणारा माणूस जास्त पाण्याच्या धोक्यात सापडतो.

मीठ, साखर आणि घरची पेये

एका लिटर घामात साधारण अर्धा ते दीड ग्रॅम सोडियम असते, म्हणजे सुमारे सव्वा ते पावणेचार ग्रॅम मीठ. माणसागणिक यात मोठा फरक पडतो. ज्याच्या कपड्यांवर पांढरे पट्टे ठळक उमटतात, घाम डोळ्यांत गेला की चुरचुरतो, त्याचा घाम खारट समजावा.

तासाभराच्या धावण्यात मिठाची वेगळी चिंता करावी लागत नाही. पुढचे जेवण ती भरपाई करते. शर्यत दीड-दोन तासांच्या पुढे गेली की पेयात मीठ आणि साखर दोन्ही हवीत. दोन्ही एकत्र असण्याला शास्त्रीय कारण आहे. लहान आतड्याच्या अस्तरात सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनेच आत घेणारे एक प्रथिन असते आणि या जोडीच्या मागोमाग पाणी शोषले जाते. हाच गुण वापरून १९७१ च्या बांगलादेश युद्धात डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीचे हजारो रुग्ण वाचवले. आज औषधाच्या दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी त्याच तत्त्वावर बनते. एक लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट, असे तिचे मान्य प्रमाण आहे.

धावताना याहून थोडे कमी मीठ आणि जास्त साखर चालते, कारण साखर इंधनही पुरवते. एक लिटर पाणी, सपाट पाव चमचा मीठ, दहा-बारा छोटे चमचे साखर आणि एका लिंबाचा रस, असे लिंबू सरबत बहुतेक शर्यतींना पुरते. साखर शेकडा सहा-आठच्या वर गेली की पोट लवकर रिकामे होत नाही आणि मळमळते. उसाचा रस येथे अडचणीचा ठरतो. प्रवरा, मुळा आणि गोदावरीच्या पट्ट्यात रसवंत्या जागोजागी असल्या, तरी रसात साखर शेकडा बारा ते पंधरापर्यंत असते. धावताना तो घ्यायचाच असेल तर निम्मे पाणी आणि चिमूटभर मीठ घालून घ्यावा.

शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर, पण घामाची भरपाई करायला लागते तेवढे सोडियम नसते. कैरीच्या पन्ह्यात गूळ आणि मीठ दोन्ही असल्याने ते पातळ करून घेतले तर उत्तम पेय होते. मीठ-जिरे घातलेले पातळ ताक आणि नाचणीची आंबील धावण्याआधी आणि नंतर चांगली; जोरात धावताना मात्र ताक अनेकांना पचत नाही. उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे गूळ-पाणी ठेवण्याची रीत साखर आणि पाणी एकत्र देते; तिला मिठाची जोड मिळाली की ती धावपटूच्याही कामाची होते. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हा समज मात्र या हिशेबात कोठेच बसत नाही. कांदा जेवणात खावा. खिशातून तो पाणीही देत नाही आणि मीठही देत नाही.

स्वतःचा घाम मोजणे

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजार गावात पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत आहे. पावसाळा संपला की किती पाऊस पडला, जमिनीत किती मुरला, पिण्याला किती राखायचा, याचा हिशेब होतो आणि त्यावरून रब्बीला कोणती पिके घ्यायची हे गाव ठरवते. शेजारच्या गावाचे आकडे आपल्या गावाला लागू होत नाहीत, ही त्यामागची समज आहे. धावपटूलाही हीच शिस्त लागते. घामाचा वेग ताशी अर्ध्या लिटरपासून दोन लिटरपर्यंत काहीही असू शकतो. त्यामुळे दुसऱ्याच्या बाटलीवरून आपले प्रमाण ठरवता येत नाही.

मोजण्याची रीत सोपी आहे. समजा, एक धावपटू एप्रिलमध्ये सकाळी साडेसहाला नगरहून चांदबीबी महालाच्या चढाच्या दिशेने निघतो. निघण्यापूर्वी लघवीला जाऊन, कमीत कमी कपड्यांत वजन केले तेव्हा ते ६०.० किलो भरले. दीड तास धावून परत आल्यावर अंग पुसून, घामट कपडे काढून पुन्हा वजन केले; ते ५८.९ किलो आले. वाटेत त्याने ५०० मिलिलिटर पाणी प्यायले. घटलेले १.१ किलो म्हणजे १.१ लिटर. त्यात प्यायलेले अर्धा लिटर मिळवले की घाम झाला १.६ लिटर, म्हणजे ताशी एक लिटरहून किंचित जास्त. हेच मोजमाप डिसेंबरच्या गारठ्यात, जून महिन्याच्या ढगाळ हवेत आणि वेगवेगळ्या वेगांवर केले की त्याच्याकडे स्वतःचा तक्ता तयार होतो.

या तक्त्याचा उपयोग घामाचा थेंब न् थेंब भरून काढण्यासाठी करायचा नसतो. दोन खुणा सांभाळल्या की पुरे. शर्यत संपताना वजन दोन-तीन टक्क्यांहून अधिक घटलेले नसावे आणि सुरुवातीपेक्षा वाढलेले तर मुळीच नसावे. वरच्या उदाहरणातला धावपटू अर्धमॅरेथॉनमध्ये ताशी ४०० ते ६०० मिलिलिटर प्यायला तर तो या दोन खुणांच्या मध्ये राहतो. ज्याच्याकडे आकडे नाहीत, त्याने तहानेचे ऐकावे. तहान लागली की प्यावे, भागली की थांबावे. बहुतेक हौशी धावपटूंसाठी तहान हा भरवशाचा सल्लागार आहे. अति लांब शर्यतीत, खूप घाम येणाऱ्याला आणि भर उन्हात मात्र तिच्या जोडीला मोजमाप हवे.

शर्यतीच्या आधी, वाटेत आणि नंतर

तयारी पाण्याच्या आधी उन्हापासून सुरू होते. रोज तासभर उन्हात हलका सराव केला की दहा ते चौदा दिवसांत शरीर बदलते. पहिल्या चार-पाच दिवसांतच रक्तातला द्रव वाढतो. पुढे घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि त्यातले मीठ कमी होते. हिवाळ्यात पहाटे सराव केलेल्या धावपटूने उन्हाळ्यातल्या शर्यतीत थेट उतरू नये ते यासाठीच. ही सवय उन्हात जाणे थांबले की काही आठवड्यांत मोडते.

शर्यतीच्या आदल्या दिवशी नेहमीप्रमाणे पाणी प्यावे आणि जेवणात मीठ कमी करू नये. सकाळी उठल्यावर लघवी फिकट पिवळी असेल तर शरीरात पाणी पुरेसे आहे. ती गडद असेल, किंवा आदल्या दिवशी उन्हाळी लागली असेल, तर तूट आधीच पडलेली आहे. सुरुवातीच्या तीन-चार तास आधी वजनाच्या दर किलोमागे पाच ते सात मिलिलिटर, म्हणजे ६० किलोच्या माणसाने ३०० ते ४०० मिलिलिटर पाणी घ्यावे. जादाचे पाणी लघवीवाटे निघून जाण्याइतका वेळ त्यात मिळतो. उभे राहण्याआधी घटाघटा बाटली संपवणे व्यर्थ आहे. ते पाणी पोटात डुचमळत राहते.

वाटेत दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-सहा घोट घ्यावेत. गार पेय जास्त आवडीने प्यायले जाते आणि आतून थोडे गारही करते. डोक्यावर, मानेवर आणि हातांवर पाणी ओतल्याने कोरड्या हवेत घामावाचून गारवा मिळतो, पण त्याने शरीरातली तूट भरत नाही. पेय आणि प्रमाण सरावात पचवून पाहिलेले असावे. दुखणे दाबायला आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या शर्यतीआधी घेण्याची सवय घातक आहे. पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडावर ताण आणतात आणि सोडियम घटण्याचा धोकाही वाढवतात. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

शर्यतीनंतर घटलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर द्रव पुढच्या काही तासांत सावकाश घ्यावा, कारण त्यातले काही लघवीवाटे जातेच. सोबत खारट जेवण हवे. भाकरी, पिठले आणि ताक, किंवा वरण-भात आणि लोणचे, हे साधे जेवण पाणी आणि मीठ दोन्ही परत आणते.

पायी निघालेल्यांचे ऊन

नगर जिल्ह्याच्या रस्त्यांवर उन्हात लांब पल्ला कापणारे सर्वात मोठे समूह धावपटूंचे नसतात, ते पायी चालणारे असतात. रामनवमीच्या सुमारास मुंबई आणि परिसरातून साईभक्तांच्या पालख्या घोटी-सिन्नरमार्गे शिर्डीला येतात. हे अंतर सुमारे २४० किलोमीटर आणि महिने मार्च-एप्रिलचे. समुद्रकाठच्या दमट हवेची सवय असलेली शरीरे घाट चढून एकदम कोरड्या उन्हात येतात. घाम दिसेनासा होतो आणि पाणी पिण्याचे राहून जाते. जूनमध्ये त्र्यंबकेश्वरहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी राहुरी, अहिल्यानगर, मिरजगाव या वाटेने पंढरपूरला जाते, आणि पाऊस लांबला तर तिलाही ऊनच गाठते.

चालणाऱ्याला घाम ताशी कमी येतो, पण तो दिवसभर आणि लागोपाठ कित्येक दिवस येत राहतो. रोजची छोटी तूट साठत जाते. त्यात उपवास असेल, किंवा वाटेत लघवीला जागा मिळणार नाही म्हणून पाणी टाळले जात असेल, तर ती झपाट्याने वाढते. स्त्रियांना हा त्रास जास्त होतो. म्हणून दिंडीत सकाळी आणि संध्याकाळी लघवीचा रंग पाहणे, दुपारी अकरा ते चार विसावा घेणे आणि दर मुक्कामी खारट ताक किंवा पेज घेणे, हे तीन नियम धावपटूच्या वजनकाट्याइतकेच मोलाचे आहेत. नुसत्या पाण्याच्या पाणपोईशेजारी मिठाची बरणी आणि लिंबे ठेवली, तर ती पाणपोई दुप्पट उपयोगी ठरते.

उष्माघात ओळखणे आणि थांबवणे

उन्हाने शीण आलेला माणूस घामाघूम, फिकट आणि गळून गेलेला असतो, पण भानावर असतो. त्याला सावलीत आडवे करून पाय थोडे उंच करावेत आणि घोटाघोटाने मीठ-साखरेचे पाणी द्यावे. उष्माघात वेगळा. शरीराचा आतला ताप ४० अंशांच्या वर जातो आणि मेंदूचे काम बिघडते. माणूस बरळतो, आक्रस्ताळेपणा करतो, झोकांड्या खातो, बेशुद्ध पडतो. धावताना झालेल्या उष्माघातात अंग घामाने भिजलेले असू शकते. घाम आहे म्हणजे उष्माघात नाही, ही समजूत जिवावर बेतते.

येथे एकच नियम आहे. आधी थंड करा, मग हलवा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत थांबून न राहता गार करायला लागावे. सर्वात गुणकारी उपाय म्हणजे माणसाला मानेपर्यंत बर्फाच्या पाण्यात ठेवणे. टब नसेल तर शेतकऱ्याच्या घरची ताडपत्री चालते. चार-सहा जणांनी तिच्या कडा उचलून धरायच्या, मधल्या खोलगट भागात माणसाला निजवायचे, डोके वर धरायचे आणि बादल्यांनी पाणी-बर्फ ओतून ते हलवत राहायचे. तेही जमले नाही तर सर्वांगावर ओल्या चादरी टाकून त्या सतत भिजवाव्यात आणि वारा घालावा. शेततळ्यात मात्र कधीही उतरवू नये. त्याचा प्लॅस्टिकचा कागद निसरडा असतो आणि भान गेलेला माणूस बुडतो. पहिल्या अर्ध्या तासात ताप ३९ अंशांच्या खाली आला तर बहुतेक जण वाचतात. भानावर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. बरळणाऱ्या धावपटूचा ताप वाढलेला नसेल, हात सुजलेले असतील आणि त्याने खूप पाणी प्यायले असेल, तर ते सोडियम घटल्याचे लक्षण आहे. त्याला आणखी पाणी देणे धोक्याचे. त्याला लगेच रुग्णालयात न्यावे.

आयोजकांचा वाटा

धावपटूने कितीही तयारी केली तरी वाटेत पेय मिळाले नाही तर ती वाया जाते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये भारताच्या ओ. पी. जैशा महिलांची मॅरेथॉन पुरी करून कोसळल्या. त्याच शर्यतीत नाशिक जिल्ह्यातील कविता राऊतही धावल्या होत्या. वाटेतल्या टेबलांवर भारतीय खेळाडूंची पेये का नव्हती, यावर नंतर मोठा वाद झाला. मोठ्या स्पर्धांत खेळाडूचे ठरलेले पेय दर पाच किलोमीटरला ठेवता येते, पण ते आदल्या दिवशी कोणीतरी भरून, नाव घालून द्यावे लागते.

जिल्हा पातळीवरच्या शर्यतीला एवढा सरंजाम लागत नाही. सुरुवात पहाटे पाच-साडेपाचला असावी, म्हणजे सावकाश धावणारेही ऊन चढण्याआधी परततात. दर अडीच-तीन किलोमीटरला एक टेबल असावे. त्यावर साधे पाणी आणि मीठ-साखरेचे पेय वेगवेगळ्या रंगांच्या पेल्यांत ठेवावे आणि शेवटच्या धावपटूसाठी साठा राखावा. पाण्यात नळ-टँकरच्या जंतूंचा धोका नको, म्हणून ते शुद्ध केलेले असावे. शेवटच्या टप्प्यावर वजनकाटा, गुदद्वारातून ताप मोजण्याचा तापमापक, ताडपत्री आणि बर्फ तयार असावा, कारण कपाळावर धरून मोजलेला ताप अशा वेळी फसवतो. शर्यतीच्या सकाळी हवेची मोजणी करून, निर्देशांक मर्यादेबाहेर असेल तर अंतर कमी करण्याचा किंवा शर्यत थांबवण्याचा निर्णय घेण्याचा अधिकार एका डॉक्टरकडे आधीच सोपवलेला असावा.